अपघातग्रस्तांच्या पुनर्वसनात कलेलाही जागा हवी

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

रस्ते अपघाताची बातमी आपल्याकडे साधारणपणे दुसऱ्या दिवशी संपते. मृत किती, जखमी किती, चालक सापडला की पळाला, एवढे छापून झाले की पुढच्या अपघाताला जागा करून द्यावी लागते. त्यात वृत्तपत्राला दोष द्यावा असे काही नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात झाले, त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मला लिहायचे आहे ते या शेवटच्या आकड्याविषयी. जखमींपैकी पुष्कळ जण काही आठवड्यांत हिंडू-फिरू लागतात. पण ज्यांच्या कण्याला, हातापायाला किंवा मेंदूला कायमची इजा होते, त्यांचे टाके सुटल्यानंतर पुढे काय होते, हे त्यांच्या घराबाहेर फारसे कोणाला कळत नाही. नागपूरकरांना तर हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारणच नाही. श्रीनगर-कन्याकुमारी आणि हजिरा-पारादीप हे दोन राष्ट्रीय महामार्ग आपल्या शहरापाशी एकमेकांना छेदतात, समृद्धी महामार्ग येथूनच सुरू होतो, आणि येथल्या मोठ्या रुग्णालयांत साऱ्या विदर्भातून, शिवाय छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडून रुग्ण आणले जातात. अशा रुग्णांच्या पुनर्वसनात चित्रकला, मूर्तिकाम, गाणे-वाजवणे यांना ठरलेली, नियमित जागा मिळावी, आणि ती आहे त्याच संस्थांच्या आधारे देता येईल, एवढे सांगण्यासाठी हे पत्र आहे.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. मी एका सहकारी बँकेत रोखपाल होतो. अमरावती मार्गावर वाडीच्या अलीकडे एका मालवाहू गाडीची धडक बसून मी दुचाकीवरून उजव्या खांद्यावर पडलो. हाडे जुळली, पण हात गेला. मानेतून निघून खांद्याखालून हाताकडे जाणारा मज्जातंतूंचा एक जुडगा असतो. दुचाकीस्वार पडताना मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला गेला की हे तंतू ताणले जातात, तुटतात, कधीकधी मज्जारज्जूपासून मुळासकट उपटले जातात. दुचाकीच्या अपघातांत ही दुखापत मुळीच दुर्मिळ नाही, तरी ती होईपर्यंत मी तिचे नावही ऐकले नव्हते. बाहेरून हात धडधाकट दिसतो, ना प्लास्टर ना जखम, आणि म्हणून पाहणाऱ्याला वाटते की हा गृहस्थ उगाच हात झोळीत अडकवून बसला आहे. तुटलेला तंतू शस्त्रक्रियेने जोडला तरी तो पुन्हा वाढतो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. शल्यचिकित्सकांनी हे सांगताच आयुष्यभर हिशेबात गेलेल्या माझ्यासारख्या माणसाने खाटेवरच मानेपासून बोटांपर्यंतचे अंतर मनाशी मोजले आणि उत्तर वर्षांमध्ये आले. शिवाय तंतू तिथवर पोचेपर्यंत तळहातातले बारीक स्नायू टिकतील याची खात्री कोणी देत नाही.

या काळाविषयी बोलताना सगळे जण वेदनेविषयी विचारतात. वेदना होतीच, कोणी हात निखाऱ्यावर धरल्यासारखी ती रात्री भडकत असे, आणि तिला औषधे होती. रिकाम्या वेळाला मात्र कोणाच्याच चिठ्ठीत औषध नव्हते. सकाळी फिजिओथेरपी, दुपारी गोळ्या, संध्याकाळी भेटायला येणारे आणि प्रत्येकाच्या ओळखीतला ‘अगदी असाच’ बरा झालेला कोणीतरी. काय खायचे, केव्हा झोपायचे, कोणत्या डॉक्टरला दाखवायचे, घर कसे चालवायचे, हे सगळे माझ्याभोवतीची माणसे ठरवत होती आणि ती मायेनेच ठरवत होती. दिवसभरात एकही गोष्ट माझ्या निर्णयावर अडून राहत नव्हती. ज्या बोटांनी वर्षानुवर्षे नोटांची बंडले मोजली, ती बोटे मांडीवर पडलेली पाहत बसायचे, हा माझा उद्योग. आत्महत्येचा विचार मनात आला होता का, असे मला एका तज्ज्ञांनी सरळ विचारले, तेव्हा मी नाही म्हणालो. ते उत्तर पूर्ण खरे नव्हते, इतकेच येथे लिहितो.

व्यवसायोपचार नावाची एक शाखा आहे. फिजिओथेरपीशी तिची नेहमी गल्लत होते. सांधे मोकळे करणे आणि स्नायूंना बळ आणणे हे एक. आहे त्या शरीराने माणसाला आंघोळ, जेवण, लिहिणे, काम करता यावे, म्हणून शरीर, अवजार आणि काम यांची नव्याने सांगड घालणे हे दुसरे, आणि ते व्यवसायोपचाराचे क्षेत्र. नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, या विषयाचे शिक्षण देणारी शाळा अनेक दशकांपासून आहे, ही आपल्या शहराची जमेची बाजू बहुसंख्य नागपूरकरांना ठाऊक नसते. मी जेथे उपचार घेत होतो तेथील व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंनी मला डाव्या हाताने खुंट्या भोकांत बसवण्याचा, मणी उचलण्याचा सराव दिला होता. मी तो टाळत असे. पन्नाशीच्या माणसाला खुंट्या बसवण्यात काय गोडी वाटणार? बाईंनी ते ओळखले. मी महाल या जुन्या वस्तीत राहतो हे कळल्यावर त्यांनी विचारले, ‘चितार ओळीत कोणी ओळखीचे आहे का?’ ओळखीचे होते. चितार ओळीत पिढ्यान्‌पिढ्या मूर्ती घडवणाऱ्या घरांपैकी एका घरातले ज्येष्ठ कारागीर माझे बँकेचे खातेदार होते आणि त्यांचे पासबुक कित्येकदा मीच भरून दिले होते.

पोळ्याच्या आधीचे दिवस होते. आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला लहान मुले लाकडी नंदी सजवून मिरवतात, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांना सांगावे लागेल. गणपतीच्या मूर्तींच्या ऐन घाईत हे नंदी रंगवण्याचेही काम त्या कारखान्यात आले होते आणि हातांची चणचण होती. मला आधी पॉलिशपेपर मारायला दिला, मग पांढऱ्या रंगाचा पहिला हात. निकामी उजवा हात टेबलावर आडवा ठेवून त्याच्या वजनाने नंदी दाबून धरायचा आणि डाव्या हाताने ब्रश फिरवायचा, ही युक्ती बाईंनी शिकवून पाठवली होती. ज्या हाताला मी मेलेला समजत होतो, तो निदान वजन म्हणून कामाला आला. शिंगांवर, खुरांवर, झुलीवर रंग चढवता चढवता दोन-अडीच तास निघून गेले आणि मी घड्याळाकडे पाहिले नव्हते, हे घरी परतताना लक्षात आले.

डोळ्यांच्या आखणीला मात्र त्यांनी मला लवकर हात लावू दिला नाही. मूर्तिकामात आखणी सर्वांत शेवटी आणि घरातल्या जाणत्या माणसाकडे असते. एका रेषेने मूर्ती पाहू लागते किंवा तिरळी होते. पुष्कळ दिवसांनी एक नंदी माझ्यापुढे ठेवून ते कारागीर म्हणाले, ‘भाऊ, करंगळी टेकवा लाकडाले. श्वास सोडून द्या पहिले, मंग ब्रश टेकवा. भरल्या छातीनं हात हालते.’ मी करंगळीचा टेकू दिला, श्वास सोडला आणि पापणीची रेषा ओढली. ती बाहेरच्या कोपऱ्यात थोडी जाड झाली. त्यांनी नंदी हातात फिरवून पाहिला, ‘चालते’ म्हणाले आणि विक्रीच्या ओळीत ठेवला. कोणी माझी पाठ थोपटली नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. माल ठीक होता म्हणून तो मालात गेला. अपघातानंतर माझ्याशी इतक्या बरोबरीने कोणी वागले नव्हते.

पुढे मी जलरंग शिकलो. गांधीसागराच्या काठावरचे सकाळचे धुके आणि महालातल्या जुन्या वाड्यांच्या कमानी हे माझे विषय झाले. माझी चित्रे बरी असतात, याहून जास्त काही नाही. उजवा हात कोपरापर्यंत थोडा परतला, बोटे परतली नाहीत, आणि थंडीच्या दिवसांत वेदना अजून झोपू देत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण कलेने रोग पळतात असा दावा करणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही आणि त्यांच्या रांगेत मला बसायचे नाही. कलेने हाड जुळत नाही, तुटलेला तंतू एक मिलिमीटरचा सव्वा मिलिमीटर होत नाही. पण झुलीला तांबडा द्यायचा की हिरवा, धुके कोरड्या कागदावर की ओल्या, असे शंभर लहान निर्णय चित्र काढणाऱ्याला स्वतः घ्यावे लागतात, आणि ज्याच्या हातून सगळे निर्णय निसटले आहेत त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट असते. शिवाय मन एका रेषेत गुंतलेले असताना दुखणे उंबऱ्याबाहेर थांबते. ते परत येते, पण तेवढा वेळ आपला असतो.

ही समज नवी नाही. एड्रियन हिल हे इंग्रज चित्रकार १९३८ मध्ये क्षयरोगाने आरोग्यधामात पडून होते. खाटेवरून दिसतील त्या वस्तू रेखाटता रेखाटता त्यांचे दिवस सुसह्य झाले, मग त्यांनी शेजारच्या रुग्णांना व महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांना चित्रे काढायला लावली, आणि ‘कलोपचार’ या अर्थाचा इंग्रजी शब्द त्यांनीच १९४२ मध्ये रूढ केला. त्यानंतर हा विषय मानसशास्त्राच्या अंगाने पुष्कळ वाढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. आजार टाळण्यात आणि झालेल्या आजाराशी जुळवून घेण्यात कलांचा उपयोग होतो, असा त्याचा एकंदर कल आहे. अर्थात सगळे अभ्यास सारख्या दर्जाचे नसतात, आणि हा आढावा म्हणजे काही औषधाची परवानगी नव्हे.

अपघात आणि कला म्हटले की जगभर एकच नाव घेतले जाते, ते मेक्सिकोच्या चित्रकार फ्रिडा काहलो यांचे. १७ सप्टेंबर १९२५ रोजी, अठराव्या वर्षी, त्या ज्या बसमध्ये होत्या तिला मेक्सिको शहरात ट्रामने धडक दिली. बसमधला लोखंडी दांडा कमरेतून आरपार गेला, पाठीचा कणा, ओटीपोटाचे हाड, उजवा पाय मोडले. डॉक्टर व्हायचे होते, ते तेथेच थांबले. पाठीवर पडून चित्रे काढता यावीत म्हणून आईने कागद टेकवायची खास घोडी करून घेतली, खाटेच्या छताला आरसा बसवला, आणि समोर दिसणारा एकमेव माणूस म्हणून त्या स्वतःलाच रंगवू लागल्या. त्यांची गोष्ट येथवर सांगून ‘पाहा, जिद्द!’ म्हणत थांबण्याची पद्धत आहे. पुढचे फारसे कोणी सांगत नाही. त्या बऱ्या झाल्या नाहीत. उरलेले आयुष्य शस्त्रक्रिया, पोलादी व प्लास्टरचे पट्टे आणि वेदनाशामके यांत गेले. १९५३ च्या उन्हाळ्यात उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, सत्तेचाळीसाव्या वर्षी त्या गेल्या. चित्रांनी त्यांना वेदनेतून सोडवले नाही. चित्रांमुळे त्या वेदनेपुढे मुक्या राहिल्या नाहीत. मला त्यांच्याबद्दल सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो एक वेगळाच प्रसंग. स्वदेशातले त्यांचे पहिले एकल प्रदर्शन १९५३ मध्ये भरले, तेव्हा डॉक्टरांनी उठायला मनाई केली होती. त्यांचा पलंग आधी कलादालनात नेऊन मांडला गेला, आणि त्या रुग्णवाहिकेतून येऊन त्यावर पडून राहिल्या. कलावंताला आत घ्यायचे ठरले की पलंगही आत येतो. आपल्याकडे साधी चाकाची खुर्ची वर न्यायला चार माणसे शोधावी लागतात.

आपल्या देशातली उदाहरणे याहून कमी नाहीत, फक्त ती निराळ्या वाटेने जातात. शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी लहानपणापासून अधू होती आणि ऐन बहरात, १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात, एका शस्त्रक्रियेनंतर ती पुरती गेली. तरी त्यांनी कागद कापून, चिकटवून चित्रे केली आणि तेथल्या कलाभवनाच्या भिंतीवर फरशांचे मोठे भित्तिचित्र उभे केले. मुंबईच्या नृत्यांगना सुधा चंद्रन यांचा उजवा पाय १९८१ मध्ये तमिळनाडूतल्या बस अपघातानंतर कापावा लागला, आणि ‘जयपूर फूट’ हा कृत्रिम पाय लावून त्या १९८४ मध्ये पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. हा पाय कोणाच्या हातचा? १९६८ मध्ये तो साकारला त्यात अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या जोडीला रामचंद्र शर्मा होते, ज्यांचे शालेय शिक्षण जेमतेम होते आणि ज्यांचा पिंड मूर्ती-कलाकुसरीचा होता. आपल्याकडचा माणूस उकिडवा बसतो, अनवाणी चालतो, चिखलात उतरतो, हे पाहून त्यांनी रबराचा पाय घडवला. कलाकाराचा हात रुग्णालयात आला म्हणजे काय होऊ शकते याचा याहून ठोस दाखला मला तरी माहीत नाही.

येथे एक आक्षेप मी स्वतःच नोंदवतो, कारण तो माझ्या तोंडावर घेतला गेला आहे. अपघातात सापडणारे बहुतेक जण चालक, मजूर, घरपोच सामान पोचवणारी मुले, मोटारसायकलवरून कामाला जाणारे कारागीर असतात. ज्याच्या घरी चूल कशी पेटेल याची भ्रांत आहे त्याला रंगपेटी देणे ही थट्टा नाही का? प्रश्न रास्त आहे. नुकसानभरपाईचा दावा, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, निवृत्तिवेतन, पर्यायी रोजगार हे सगळे आधी हवेच, आणि त्यासाठी चाललेली वणवण हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे. पण आक्षेप घेणारे कला म्हणजे सुखवस्तूंचा विरंगुळा असे धरून चालतात, आणि ते चितार ओळीतल्या कोणालाही पटणार नाही. तेथे कलेवर घरे चालतात. मूर्ती, नंदी, दिवाळीच्या पणत्या, लग्नाच्या पाट्या, दुकानांच्या पाट्या, भिंतीवरची चित्रे ही सगळी बाजारातली कामे आहेत. प्रत्येक जखमी माणूस चित्रकार होणार नाही. व्हायची गरजही नाही. एखाद्याला भजनी मंडळात टाळ धरून जे मिळेल ते दुसऱ्याला चरख्यावर मिळेल. पण कोणाला कशात गती आहे हे कळण्यासाठी साहित्य, जागा आणि शिकवणारा माणूस एकदा तरी त्याच्यापुढे यावा लागतो.

शिवाय आपल्या विदर्भाला हे नव्याने शिकण्याची गरज नाही. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी उभ्या केलेल्या आनंदवनात कुष्ठरोगातून बरे झालेली आणि दिव्यांग माणसे गेली कित्येक दशके हातमाग, सुतारकाम, भेटकार्डे यांवर उभी आहेत, आणि तेथल्या ‘स्वरानंदवन’ या वाद्यवृंदाचे कार्यक्रम लोक तिकीट काढून ऐकतात. दया म्हणून कोणी तीन तास गाणी ऐकत नाही.

हे लिहिताना आपल्या सत्कार-संस्कृतीविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्यासारख्या चार-सहा जणांना वर्षातून एकदा कुठल्या तरी व्यासपीठावर बोलावले जाते, शाल आणि श्रीफळ दिले जाते, सूत्रसंचालक ‘हात नसतानाही’ या शब्दांनी सुरुवात करतात, आणि प्रेक्षागृहात हुंदके येतात. त्यानंतर बाहेर मांडलेली चित्रे एकही जण विकत घेत नाही. क्वचित कोणी घेतलेच तर किंमत न पाहता घेतो, म्हणजे चित्रही पाहत नाही. माझ्या कपाटात शाली पुष्कळ झाल्या आहेत. चित्र वाईट असेल तर वाईट म्हणा, मंद असेल तर रंग मेले आहेत म्हणा, पण चित्राकडे पाहा. तोंडाने आणि पायाने चित्रे काढणाऱ्या कलावंतांची जागतिक संघटना एरिक श्टेगमान या जर्मन चित्रकाराने स्थापन केली, तेव्हा त्यांचेही म्हणणे हेच होते की आम्ही काम विकतो, कणव विकत नाही.

आता मागणीकडे वळतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २९ नुसार दिव्यांगांच्या सांस्कृतिक जीवनाच्या हक्कासाठी उपाय योजणे हे शासनाचे आणि स्थानिक प्राधिकरणांचेही कर्तव्य आहे. दिव्यांग कलावंतांना सुविधा व अर्थसाहाय्य देणे, कला त्यांच्या आवाक्यात आणणे आणि कलाविषयक अभ्यासक्रम त्यांना सहभागी होता येईल असे बदलणे, हे त्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा, असाही दंडक आहे. तेव्हा पैसा कोणत्या खात्यातून येणार, या प्रश्नावर महानगरपालिकेला फार वेळ अडून बसता येणार नाही.

शहरात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, व्यवसायोपचाराची शाळा आहे, सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, आणि चितार ओळ तर भोसल्यांच्या काळापासून आहे. या चौघांची एकमेकांशी गाठ घालून देणे एवढेच बाकी आहे. रुग्णालयाने दुपारनंतर रिकामी असणारी एक खोली द्यावी, जिच्या दारातून चाकाची खुर्ची आणि गरज पडल्यास स्ट्रेचर आत येईल. टेबल असे असावे की खुर्चीचे हात त्याच्याखाली सरकतील. पकड कमी असणाऱ्यांसाठी ब्रशच्या दांड्याला सायकलच्या मुठीचे रबर चढवले की काम भागते. मोठ्या खर्चाची अवजारे लागत नाहीत. टर्पेंटाइन आणि तैलरंग वॉर्डात नकोतच, पाण्यात विरघळणारे रंग पुरेत. जखम उघडी असलेल्या रुग्णाचा ब्रश व वाटी निराळी ठेवावी. शिकवायला महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि मूर्तिकार यावेत, मात्र कोणाला किती वेळ बसवायचे आणि कोणता हात कसा वापरायचा, हे व्यवसायोपचारतज्ज्ञाने ठरवावे. आणखी एक पथ्य अनुभवाने सांगतो. कोणालाही ‘तुझा अपघात काढून दाखव’ असे म्हणू नये. ज्याला काढायचा असेल तो आपणहून काढील, ज्याला फुले काढायची असतील त्याला फुले काढू द्यावीत. चित्र काढता काढता एखादा माणूस कोसळू शकतो, तेव्हा त्याला समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्याची सोय आधी करून ठेवावी. चित्रकलेच्या विद्यार्थ्यावर तो भार टाकणे त्याच्यावरही अन्याय आहे.

आम्ही काही जणांनी हा प्रस्ताव शहरातल्या एका रुग्णालयाकडे नेला होता. तेथील अधिकाऱ्यांनी सौजन्याने चहा दिला, फरशीवर रंग सांडतील म्हणाले आणि अर्ज ठेवून घेतला. त्यांच्या अडचणी खऱ्या असतील, सफाई कामगार कमी असतील, हे मी नाकारत नाही. पण रंग सांडू नये म्हणून खाली जुनी वर्तमानपत्रे अंथरतात, आणि ती पुरवायला आम्ही तयार आहोत. त्यानंतर आमच्यापैकी दोघे-तिघे, रुग्णांना घरी पाठवल्यानंतर, त्यांच्या घरी जाऊन बसतो. सध्या आम्ही ज्यांच्याकडे जातो त्यांत एक तरुण रंगकामगार आहे, जो परांचीवरून पडून कमरेखाली अधू झाला. भिंती रंगवणारा म्हणून त्याचा डबा आणि ब्रशवरचा हात माझ्यापेक्षा कितीतरी पक्का आहे. त्याला फक्त भिंत खाली आणून हवी होती. आता तो टेबलावर ठेवलेल्या पाट्या रंगवतो आणि अक्षरांची जाडी मला समजावून सांगतो. माझी पहिली पाटी त्याने पुसून परत दिली, तेव्हा मला मनापासून बरे वाटले.

अशी घरोघरची धडपड किती जणांपर्यंत पोचणार? रुग्ण जोवर रुग्णालयात आहे तोवर तो सापडतो. एकदा गावी, आर्वी-काटोल-पांढुर्ण्याकडे गेला की त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून ही सोय वॉर्डालगतच हवी, आणि घरी पाठवताना दिल्या जाणाऱ्या कागदावर औषधांच्या खाली त्याच्या तालुक्यातल्या एखाद्या कारागिराचा, संगीत शिक्षकाचा किंवा चित्रकला शिक्षकाचा पत्ताही असावा. अशी तालुकावार यादी करण्याचे काम आम्ही काही निवृत्त मंडळी विनामोबदला करून देऊ. महानगरपालिका, रुग्णालये किंवा सांस्कृतिक केंद्र यांपैकी कोणीही आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयामार्फत निरोप दिल्यास आम्ही प्रत्यक्ष येऊन भेटू. पुढचा तान्हा पोळा येण्याआधी खोली मिळाली तर न रंगवलेले नंदी आणण्याची जबाबदारी चितार ओळीतल्या आमच्या स्नेह्यांनी घेतली आहे. त्यांना मात्र किती नंदी लागतील ते महिनाभर आधी कळवावे लागेल, कारण नंतर ते गणपतींच्या कामात असतात.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रोखपाल
महाल, नागपूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)